मन देऊन टाकलेल्या राजाची गोष्ट

एका राज्यात, जिथे नदी डोंगराला वळसा घालून मगच पुढे जाते, सोमकीर्ती नावाचा राजा होता. त्याच्या राणीचे नाव मृणालिनी. आणि राजाचा एक धाकटा भाऊ होता, चित्रभानू. आईबाप लवकर गेले, तेव्हा सोमकीर्तीनेच त्याला वाढवले. घोड्यावर बसायला शिकवले, पोहायला शिकवले, ताप आला की उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवल्या. चित्रभानू मोठा झाला, दाढीमिशा आल्या, तरी राजा ताटातला पहिला घास त्याच्याकडे पाहूनच घेई.

एका वर्षी नदीला पूर आला. पैलतीरावरची माणसे झाडांवर चढून बसली आणि हाका मारू लागली. दोघे भाऊ नाव घेऊन गेले. तीन खेपा सुखरूप झाल्या. चौथ्या खेपेला एक ओंडका वाहत आला आणि नाव उलटली. राजाच्या एका हातात उंबराची फांदी होती, दुसऱ्या हातात चित्रभानूचे मनगट. घटकाभर त्याने दोन्ही धरून ठेवले. मग एक हात रिकामा झाला.

त्या दिवसापासून राजाचे मन त्याला एकच प्रश्न विचारू लागले. राजा जेवायला बसला की मन विचारी, "हात निसटला, की तू सोडलास?" राजा दरबारात बसला की मन विचारी, "निसटला, की सोडलास?" राजाला उत्तर ठाऊक नव्हते. तो आठवू जाई, तर पाणीच पाणी आठवे. सहा महिन्यांत राजा वाळून काठीसारखा झाला.

एके दिवशी भर दुपारी दरबारात एक जादूगार आला. त्याचे नाव शून्याक्ष. त्याच्या डोळ्यांत बाहुल्या नव्हत्या.

"राजा," तो म्हणाला, "जे दुखते ते तुझे मन. ते मला दे."

"मोबदल्यात काय मागाल?"

"काही नाही. मनच पुरे."

राणी मृणालिनी शेजारी बसली होती. तिला सातवा महिना होता. ती म्हणाली, "महाराज, देऊ नका. रडते म्हणून कुणी आपले माणूस परक्याला देते का?"

"देवी," राजा म्हणाला, "ते कसे रडते हे तुम्हाला ऐकू येत नाही."

शून्याक्षाने राजाच्या छातीवर तळवा ठेवला आणि काटा ओढावा तसे मन ओढून काढले. त्याचा एक खडा झाला. तो त्याने झोळीत टाकला आणि तो चालता झाला.

त्या दिवशी राजाने दोनदा भात मागून घेतला. लोक म्हणाले, महाराज बरे झाले.

पण राजा बरा झाला नव्हता. तो हसेना, रागावेना. न्याय अचूक देई, पण फिर्यादीच्या तोंडाकडे पाहत नसे. राणी रडली तर तो तिच्याकडे अंगणातल्या पावसाकडे पाहावे तसा पाही. दोन महिन्यांनी राणीला मुलगी झाली. दाईने ती त्याच्या हातात दिली. त्याने तिचे वजन किती हे सांगितले आणि ती परत दिली.

त्या राज्यात रीत अशी होती की बाराव्या दिवशी बापाने पाळण्यावर वाकून लेकराच्या कानात त्याचे नाव सांगायचे. राजा वाकला. बराच वेळ वाकून राहिला. पाळण्याभोवतीच्या बायका गाणे म्हणता म्हणता थांबल्या. राजा सरळ उभा राहिला.

"नाव येत नाही," तो म्हणाला.

राजपुरोहित फार म्हातारे होते. ते म्हणाले, "महाराज, नाव नसलेले मूल भूमीला धरून राहत नाही. वर्षाच्या आत बापाने नाव दिले नाही, तर ते विरून जाते."

"मी नाव देते," राणी म्हणाली. तिने शंभर नावे घेतली. मुलीने एकाही नावाला मान वळवली नाही.

तिसऱ्या महिन्यात मुलीची सावली पडेनाशी झाली. सहाव्या महिन्यात तिच्या वाळ्यांचा आवाज येईना. ती पाय नाचवी, वाळे हलत, पण घुंगरू मुके. अकराव्या महिन्यात तिच्या तळहातातून दुपट्यावरची फुले दिसू लागली.

तेव्हा राणी तिला मांडीवर घेऊन राजासमोर येऊन बसली. रडायचे तिने सोडून दिले होते.

"महाराज, एक विचारू? तुमच्यापाशी मन नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

"कसे?"

"पूर्वी इथे काही हलत असे. आता हलत नाही. ते कळते."

"कुणाला कळते?"

राजा बोलायला गेला आणि थांबला. मन तर नेलेले होते. मग ते नाही हे पाहणारा हा कोण होता? वर्षभरात पहिल्यांदाच राजाला एका गोष्टीपुढे थांबावे लागले.

"देवी," तो म्हणाला, "मला माहीत नाही."

"मग तेवढे शोधून या," राणी म्हणाली. "मुलीवर माया करा असे मी सांगत नाही. ती तुम्हाला जमणार नाही. पण एवढे तरी पाहून या. मुलीपाशी अजून वीस दिवस आहेत."

राजा उठला. पादत्राणे घातली आणि निघाला.

सात दिवस तो चालला. सातव्या दिवशी अरण्यात एका जुन्या बेहड्याखाली टेकला. झाडावर एक धनेश पक्षी होता, मोठ्या पिवळ्या चोचीचा. झाडाच्या ढोलीचे तोंड मातीने लिंपलेले होते, फक्त एक फट उरली होती. धनेश उंबर आणी, फटीपाशी चोच नेई, आणि उंबर नाहीसे होई.

"आत कोण आहे?" राजाने विचारले.

"माझी घरधनीण," धनेश म्हणाला. "अंडी उबवते. चाळीस दिवस मी तिला पाहिलेले नाही."

"मग ती आहे कशावरून?"

धनेशाने मान वाकडी करून राजाकडे पाहिले. "मी उंबर नेतो, ती घेते. दिसत नाही म्हणजे नाही, असे मनुष्यांत असते का? तू कुणाला शोधतोस?"

"मन गेले हे ज्याला कळले, त्याला."

"त्याला शोधायला इतके चाललास?" धनेश म्हणाला. "पायही तोच चालवतो आहे. पण मन हवे असेल तर पुढे जा. या अरण्यामागे काळ्या दगडाचा गड आहे. शून्याक्ष तिथे राहतो. तो तीन कसोट्या घेतो. पहिली तुला सोपी जाईल, कारण तुझ्यापाशी मन नाही. दुसरी अवघड जाईल, त्याच कारणाने. तिसरीत कुणी तगलेले मी पाहिलेले नाही. उत्तर सुचले नाही तर घाई करू नकोस, एवढेच सांगतो."

असे म्हणून तो पुन्हा उंबर आणायला उडून गेला.

गडाच्या दारात शून्याक्ष उभाच होता.

"राजा, परत आलास! दिलेले परत मागायला इथे क्वचितच कुणी येते. दिलेले दुखत असे, म्हणूनच देतात."

"मी मागतो आहे."

"मग पहिली कसोटी," शून्याक्ष म्हणाला, आणि त्याने हात वर केला. गडाच्या चौकात जिवंत नागांची वाट झाली. फणा काढलेले हजार नाग, फण्याला फणा लागलेला. "यावरून चालत ये. जो भ्याला त्याला ते डसतात. जो भीत नाही तो त्यांना दिसत नाही."

राजा त्यावरून चालत गेला. भ्यायला मनच नव्हते. पलीकडे पोचला तेव्हा एका नागाने फणा खाली घालून वेटोळे केले होते.

"यात तुझे कर्तृत्व नाही," शून्याक्ष म्हणाला.

"नाही," राजा म्हणाला.

मग जादूगाराने त्याला तळघरात नेले. तिथे खजिना होता. माणके, पाचू, पुष्कराज, नीलमणी यांच्या राशी लागलेल्या, आणि त्यांचाच उजेड पडलेला. प्रत्येक रत्न म्हणजे कुणीतरी देऊन टाकलेले मन होते. शून्याक्षाने एक माणिक उचलून कानाशी लावले. क्षणभर त्याचा चेहरा हसू पाहणाऱ्या माणसासारखा झाला, मग पुन्हा कोरा.

"हे एका नर्तकीचे," तो म्हणाला. "तिने प्रेमात फसल्यावर दिले. दुसरी कसोटी ही: यातून तुझे ओळख. चुकलास तर तूही इथेच राहशील."

राजा आत गेला तशी सगळी रत्ने बोलू लागली. "मी तुझे! मी शूर आहे, बघ!" "मी तुझे! माझ्यात एकही वाईट विचार नाही!" "राजाचे मन असे असते, पाहा मी किती लखलखते!" राजा प्रत्येकापुढे उभा राहिला. कुणाकडे ओढ वाटेना, कुणाचा कंटाळा येईना. ओढ आणि कंटाळा दोन्ही मनाचेच असतात. मग ओळखावे कशाने?

त्याने घाई केली नाही. एका दगडावर बसून राहिला. बसल्या बसल्या त्याला दिसले की सगळ्या रत्नांखाली जमीन कोरडी आहे. फक्त एका कोपऱ्यात ओल आहे. तिथे भिंतीकडे तोंड करून राखी रंगाचा एक खडा पडला होता. तो चमकत नव्हता, काही सांगतही नव्हता. तो पाझरत होता.

राजाने तो उचलला. "हे माझे," तो म्हणाला.

शून्याक्षाच्या कपाळावर आठी पडली. "कशावरून?"

"बाकीच्यांना कुणी तरी घेऊन जावे असे वाटते. आपल्याला कुणी घेईल असे याला वाटत नाही. मीच याला टाकले होते."

"बरोबर," शून्याक्ष म्हणाला. "आता तिसरी. वस्तू मालकाला मिळते. तू याचा मालक आहेस, तर सांग, तू कोण?"

"मी राजा."

म्हणताच त्याचा मुकुट आणि राजवस्त्रे राख होऊन गळून पडली.

"ते तर गेले," शून्याक्ष म्हणाला. "तू कोण?"

"मी सोमकीर्ती."

म्हणताच ते नाव त्याच्यातून निघून गेले. आत्ता आपण काय म्हणालो हे त्याला आठवेना.

"तेही गेले. तू कोण?"

"मी हा. हा जो उभा आहे, तो."

म्हणताच त्याचे पाय दिसेनासे झाले, मग छाती, मग हात. राखी खडा हवेत नुसता तरंगत राहिला.

"आता काय उरले?" शून्याक्ष म्हणाला. आवाजात कठोरपणा नव्हता, थकवाच होता. "काही नाही. सगळ्यांचे असेच होते. मालक कुणीच नसतो. आण तो खडा."

त्याने हात पुढे केला. आणि तो खडा वर्षभरात पहिल्यांदा बोलला. अगदी हळू बोलला. "मला पुन्हा देऊ नकोस," तो म्हणाला.

राजापाशी राज्य नव्हते, नाव नव्हते, हात दिसत नव्हता. तरी ते शब्द ऐकू आले. खड्याची ओल लागली. त्याची थरथर कळली. घरी राणीच्या प्रश्नापुढे जो थांबला होता, तोच आता ऐकत होता. त्याला कुणी नेले नव्हते, कुणी नेऊही शकत नव्हते. भाऊ जिवंत होता तेव्हा तो होता, पुरात होता, मन रडत असताना होता, मन नसतानाही होता. फक्त त्याने मनाकडे कधी वळून पाहिले नव्हते.

त्याने न दिसणारी मूठ मिटली.

खडा निखारा झाला. राजाने सोडला नाही. निखाऱ्याचा विंचू झाला आणि त्याने नांगी मारली. राजाने सोडला नाही. मग विंचवाचे एक गार, ओले मनगट झाले आणि ते बोटांतून हळूहळू निसटू लागले. आणि त्या मनगटातून तोच प्रश्न आला. "हात निसटला, की तू सोडलास?"

पूर्वी हा प्रश्न आला की राजा एक तर बुडे, नाही तर पळे. या वेळी त्याने दोन्ही केले नाही.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मलाही आठवत नाही. कदाचित कधीच कळणार नाही. तू विचार. हवे तितके विचार. मी ऐकायला इथे आहे. तुला एकट्याने विचारावे लागणार नाही."

मनगट निसटायचे थांबले. ते लहान झाले, ऊबदार झाले आणि मुठीत पाखरासारखे धडधडू लागले. राजाने ते छातीशी धरले. ते आत गेले.

पहिल्यांदा त्याला रडू आले. तो भावासाठी रडला. मग मनच हुंदके आवरत म्हणाले, "तू सोमकीर्ती. मला आठवते. तुला एक मुलगी आहे."

नाव परत आले. हात दिसू लागले, पाय दिसू लागले.

"उत्तर तू दिलेच नाहीस," शून्याक्ष म्हणाला. पण तो मागे सरकत होता, कारण तळघरातली रत्ने तडकू लागली होती. जे परत कुणी नेऊ शकणार नाही असे ठरवून त्याने साठवले होते, ते एकाने परत घेतले होते. अशी जादू एवढ्याने तुटते. माणके फुटली, पाचू फुटले, आणि मने थव्याथव्याने वर उडाली. कुणी पूर्वेला, कुणी दक्षिणेला, आपापल्या घरी निघाली. दूर कुठल्या गावी एक म्हातारी नर्तकी ताक घुसळता घुसळता थांबली आणि रडत रडत हसू लागली.

तळघरात एकच खडा उरला. जुना, धुळीने भरलेला, मुगाच्या दाण्याएवढा. तो जागचा हलला नाही.

राजाने तो उचलून फुंकर मारली आणि शून्याक्षापुढे धरला. "हे तुमचे."

"मला नको," जादूगार म्हणाला. "फार दुखत असे. म्हणून तर मी दुसऱ्यांची मने कानाशी लावून ऐकत आलो."

"दुखेल," राजा म्हणाला. "जवळ घेऊन बसा. आणखी काही करावे लागत नाही."

शून्याक्षाने तळवा पुढे केला. राजाने खडा त्यावर ठेवला. राजा गडाबाहेर पडला तेव्हा जादूगार पायरीवर बसला होता, मूठ कानाशी धरून, एखाद्या लहान मुलाचे गाऱ्हाणे ऐकावे तसा.

विसाव्या दिवशी सकाळी सोमकीर्ती राजवाड्यात पोचला. अंगावर वाटेत कुणी दिलेली घोंगडी होती. राणी पाळण्यापाशी बसली होती. पाळणा रिकामा दिसत होता. फक्त दुपटे मधोमध किंचित दबलेले होते, आणि राणी तिथे हात ठेवून होती.

"आहे," ती म्हणाली. "माझ्या हाताला लागते आहे. लवकर करा."

राजा वाकला. त्याचे मन पुढे धावले आणि म्हणाले, "चित्रा ठेव. चित्रभानूची चित्रा. म्हणजे तो परत आल्यासारखे होईल."

राजाने ते ऐकून घेतले. मग त्या दबलेल्या दुपट्याकडे पाहिले आणि मनाला म्हणाला, "नको रे. तिच्या काकाचे मरण तिच्या गळ्यात घालायला नको. आपण दोघे त्याची आठवण ठेवू." मन थोडे खट्टू झाले, पण गप्प बसले.

आणि राजाने त्या ऊबदार जागेपाशी तोंड नेऊन हलकेच म्हटले, "मंजिरी."

आधी एक कान दिसला. मग गाल, मग मुठी, मग दूध ओघळलेली हनुवटी. मुलीने मान वळवली, बापाकडे पाहिले आणि त्याच्या वाढलेल्या दाढीला भिऊन भोकाड पसरले. तिने पाय झाडले तसे घुंगरू वाजले. राणीने दोघांनाही जवळ ओढले आणि वर्षभराचे सगळे रडून घेतले. राजाने पावसाकडे पाहावे तसे तिच्याकडे पाहिले नाही. तोही त्यात भिजला.

राज्याची घडी पुन्हा बसली. राजा न्याय देताना फिर्यादीच्या तोंडाकडे पाहू लागला. त्यामुळे निवाड्याला उशीर होई, पण लोक म्हणत, होऊ दे. नदीला दरवर्षी पाणी चढे आणि दरवर्षी राजाचे मन अस्वस्थ होई. एकदा अशाच दिवसांत राणीने विचारले, "अजून विचारते का ते?"

"विचारते," राजा म्हणाला.

"आणि तुम्ही काय करता?"

"जागा करून देतो. ते येऊन बसते. मग आम्ही दोघे पाणी उतरायची वाट पाहतो."

राणी सरकली आणि त्याच्या शेजारी तीही बसली.

असे सोमकीर्ती राजाचे मन घरी आले. ज्यांनी ज्यांनी आपले मन दुखते म्हणून दारात उभे ठेवले आहे, त्यांनाही ते आत बोलावण्याची बुद्धी होवो, आणि आत त्याला जवळ घेणारा भेटो. कहाणी इथे विसावली.